आठ टक्के जास्त द्यायचे का? ऑनलाइन खरेदीत किंमत आणि सेवा यांचा हिशेब

एकच मॉडेल, एकच रंग, फोटोसुद्धा तोच. एका विक्रेत्याकडे किंमत १००, दुसऱ्याकडे १०८. (चलन कुठलंही धरा, आकडे तुलनेपुरते आहेत.) बहुतेक जण इथेच थांबून १०० वर बोट ठेवतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण पडद्यावर ठळक दिसतं ते तेवढंच. वरच्या आठांत काय काय येतं हे एक तर लिहिलेलं नसतं, किंवा लिहिलेलं असतं ते पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात.

किंमत खरेदीआधी कळते आणि सेवा खरेदीनंतर. घोडं अडतं ते इथे. म्हणून सेवेलाही खरेदीआधीच एक आकडा लावायचा, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वहीत मांडता येतात. तो आकडा काढायचा कसा, एवढाच या लेखाचा विषय. 'चांगल्या सेवेसाठी चार पैसे जास्त मोजा' असा सल्ला मी सरसकट देणार नाही. पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत सेवेचा आकडा जवळपास शून्य निघतो आणि मग स्वस्त ते घ्यावं, डोक्याला ताप करून घेऊ नये.

आधी वस्तू कोणत्या जातीची आहे ते बघा

चार प्रश्न विचारायचे. ही वस्तू बिघडू शकते का? ती अंगाला, जागेला किंवा दुसऱ्या यंत्राला 'बसावी' लागते का? ती कोणी येऊन जोडून द्यावी लागते का? आणि ती ठरावीक तारखेच्या आत हातात हवी आहे का?

चारही उत्तरं 'नाही' असतील तर पुढचा लेख वाचायची गरज नाही. ठरावीक आवृत्तीचं पुस्तक, नेहमी वापरता तीच प्रिंटरची शाई, वह्या, स्क्रूचं पाकीट अशा गोष्टींना विक्रीनंतरची सेवा लागतच नाही. पोहोच धरून जो सर्वांत स्वस्त तो घ्या. सावध राहायचं ते फक्त नकली मालापासून. चार्जर, बॅटरी, मेमरी कार्ड, सौंदर्यप्रसाधनं यांत नकली माल भरपूर फिरतो आणि तिथे 'इतकं स्वस्त कसं?' हा प्रश्न सेवेचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो.

एखादंही उत्तर 'हो' आलं, की सेवा ही वस्तूचाच भाग धरायची. बूट, कपडे, चष्म्याची फ्रेम 'बसण्या'च्या वस्तू आहेत आणि त्यांत परत करण्याची सोय हीच खरी सेवा. वॉशिंग मशीन, वॉटर प्युरिफायर यांना जोडणी आणि नंतरची दुरुस्ती लागते. लॅपटॉप बिघडू शकतो आणि तो बिघडला की तुमचं कामही बंद पडतं, म्हणून तिथे दुरुस्ती किती दिवसांत होते हे महत्त्वाचं. प्रत्येक वस्तूला 'सगळी' सेवा लागत नाही. कोणती लागते ते एका ओळीत लिहून काढा. दुकान चोवीस तास चॅट, आकर्षक पॅकिंग आणि सदस्यत्वाचे फायदे मिरवत असेल आणि तुम्हाला हवी असेल फक्त सुट्या भागांची हमी, तर त्या झगमगाटाचे पैसे तुम्ही का द्यायचे?

पूर्ण किंमत शेवटच्या पानावरच कळते

तुलना वस्तूच्या पानावरच्या किमतींची करू नका. दोन्हीकडे वस्तू कार्टमध्ये टाका, पत्ता भरा आणि पैसे भरण्याच्या अगदी आधीच्या पानापर्यंत जा. तिथला शेवटचा आकडा कागदावर घ्या. पोहोच, 'हँडलिंग', पॅकिंग, कर, परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क, जोडणीचे पैसे हे सगळं तिथे बाहेर येतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा प्रकार ऑनलाइन दुकानात अनेकदा मुद्दामच केलेला असतो. आधी कमी भाव दाखवायचा, मग पायरीपायरीने वाढवायचा. भारतात २०२३ साली ग्राहकांना फसवणाऱ्या अशा 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, ग्राहकाला न विचारता कार्टमध्ये काहीतरी टाकणं, 'फक्त दोन शिल्लक' अशी खोटी घाई लावणं हे तिन्ही त्यांत येतात. नियम आहेत म्हणून प्रकार थांबले असं मानू नका. आधीच टिक केलेले चौकोन शोधा आणि काढून टाका.

खोडलेल्या किमतीकडे तर बघूच नका. 'मूळ किंमत २००, आता १००' यातला २०० हा आकडा बहुतेकदा कुणीच कधी मोजलेला नसतो. युरोपीय संघाने यावर नियम केला, तो मे २०२२ पासून लागू आहे. सूट जाहीर करायची तर आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत संदर्भ म्हणून दाखवावी लागते. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, पद्धत उचलण्यासारखी आहे. मोठी खरेदी असेल तर वस्तू विशलिस्टमध्ये ठेवा आणि काही आठवडे भाव टिपत राहा, किंवा भावाचा इतिहास दाखवणारी साइट वापरा. खरी सूट कोणती ते आपोआप कळतं.

कॅशबॅकचंही तसंच. वॉलेटमध्ये जमा होणारा, महिन्याभरात संपणारा आणि त्याच दुकानात खर्च करावा लागणारा पैसा म्हणजे सूट नव्हे. तिथे नक्की काही घ्यायचंच होतं तर तो धरा, नाहीतर शून्य धरा.

परत करण्याचे नियम शब्दन् शब्द वाचा

संपूर्ण हिशेबात वेळ घालवावा असा भाग हाच. 'इझी रिटर्न्स' हे बॅनर वाचून समाधान मानू नका, नियमांचं पान उघडा. ते बहुतेक ठिकाणी दोन-तीन पडद्यांपेक्षा मोठं नसतं. वाचताना पुढच्या गोष्टी शोधा.

पहिलं म्हणजे, पैसे परत की बदली? 'सात दिवसांत रिप्लेसमेंट' याचा अर्थ तुम्हाला तीच वस्तू पुन्हा मिळेल. वस्तू खराब निघाली तर ठीक, पण ती तुम्हाला जमलीच नाही तर बदलीचा काय उपयोग? 'स्टोअर क्रेडिट' हा तिसरा प्रकार, त्यात तुमचे पैसे दुकानाकडेच राहतात.

दुसरं, दिवस कधीपासून मोजायचे? ऑर्डरच्या तारखेपासून, माल निघाल्यापासून की हातात आल्यापासून? दहा दिवसांची मुदत ऑर्डरपासून असेल आणि पोहोचायलाच आठ दिवस लागत असतील, तर ती मुदत नावापुरती. आणि त्या दिवसांत तुम्ही नुसतं कळवायचं आहे की वस्तू त्यांच्या गोदामात पोहोचलेली हवी, हेही बघा.

तिसरं, परतीचं भाडं कोणाच्या खिशातून? इथे हलक्या आणि अवजड वस्तूंचा हिशेब पार बदलतो. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, आकारमानही बघतात. सर्वसाधारण सूत्र असं की खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. जे किलो येतील ते आणि खरं वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं. ऑफिसच्या खुर्चीचं खोकं ८० बाय ६५ बाय ३५ धरा. गुणाकार होतो १,८२,०००, भागिले ५००० म्हणजे ३६.४ किलो. खुर्ची प्रत्यक्षात १६ किलोची असली तरी भाडं ३६.४ किलोचं. विक्रेत्याला कुरिअर कंपनीचा घाऊक दर मिळतो, तुम्हाला सुटा. त्यामुळे 'परतीचा खर्च ग्राहकाचा' ही एक ओळ खुर्चीच्या बाबतीत केबलपेक्षा कितीतरी महाग पडते.

चौथं, कपात. 'रीस्टॉकिंग फी १५ टक्के' असं कुठेतरी लिहिलेलं असतं, म्हणजे परत आलेला माल पुन्हा साठ्यात ठेवण्याबद्दल परताव्यातून कापली जाणारी रक्कम. पाचवं, अट. मूळ पॅकिंग, टॅग, सील, 'न वापरलेल्या अवस्थेत'. खुर्चीवर बसून बघितल्याशिवाय ती पाठीला जमते की नाही कसं कळणार? म्हणून 'वापरून पाहिलेली चालेल का' हे आधीच विचारून घ्यायचं.

कायदा काय देतो तेही आपल्या देशापुरतं माहीत असावं, कारण कायद्याने जे मिळणारच आहे त्याचे जादा पैसे कोणी मागत असेल तर देऊ नयेत. देशादेशांत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. युरोपीय संघात दूरस्थ खरेदी (ऑनलाइन किंवा फोनवरून केलेली) माल मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते आणि विक्रेत्याला साध्या पोहोचेचा खर्चही परत द्यावा लागतो. परतीचं भाडं मात्र ग्राहकावर टाकता येतं, तसं आधी सांगितलेलं असेल तर. मापानुसार खास बनवलेल्या वस्तू, सील फोडलेला स्वच्छतेचा माल असे अपवाद आहेतच. अमेरिकेत याच्या उलट. 'आवडलं नाही' म्हणून ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करण्याचा संघराज्य पातळीवर सरसकट हक्क नाही, तिथे दुकानाचं धोरण हाच मुख्य आधार. म्हणजे 'चौदा दिवसांत परत' ही जाहिरात एका ठिकाणी नुसतं कायद्याचं पालन असते, दुसरीकडे खरीखुरी सेवा.

आता सेवेला आकडा लावा

खुर्चीचंच उदाहरण पुढे नेऊ. पहिल्या विक्रेत्याची किंमत १००, पोहोच ४. परत करायची झाली तर परतीचं भाडं ९, कपात १५ आणि आधी दिलेले पोहोचेचे ४ परत मिळणार नाहीत. दुसऱ्याची किंमत १०८, पोहोच त्यातच, परत न्यायला त्यांचा माणूस येणार आणि पैसे पूर्ण परत.

वस्तू ठेवून घेतली तर पहिल्याकडे १०४ जातात, दुसऱ्याकडे १०८. फरक ४ चा, आठचा नव्हे. परत केली तर पहिल्याकडे ९, १५ आणि ४ मिळून २८ बुडतात, दुसऱ्याकडे काही नाही.

आता ४ ला २८ ने भागा. सातात एक. खुर्ची परत करण्याची वेळ सातातून एकदापेक्षा जास्त येईल असं वाटत असेल तर १०८ वाला स्वस्त. त्याहून कमी वाटत असेल तर पहिला. नेमकं गणित करायचं तर भागाकार थोडा बदलेल, कारण परत केल्यावर किमतीतल्या फरकाचे ते ४ वाचलेलेही नसतात, पण निर्णयाला एवढं पुरतं.

एवढा एकच भागाकार लक्षात ठेवा: किमतीतला खरा फरक भागिले गडबड झाली तर बुडणारी रक्कम. उत्तर येतं ती 'किती वेळा गडबड झाली तर महाग विक्रेता परवडेल' याची रेषा. मग स्वतःला विचारा, ही वस्तू त्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे? कधी न वापरलेल्या कंपनीचे बूट असतील तर पलीकडे, त्याच कंपनीची त्याच मापाची तिसरी जोडी असेल तर अलीकडे. शक्यतेचा अचूक आकडा कोणाकडेच नसतो, पण 'सातात एक' आणि 'पन्नासात एक' यांतला फरक आपल्याला अंदाजाने कळतो आणि तेवढं पुरे असतं.

बुडणाऱ्या रकमेत वेळही धरा, मात्र प्रामाणिकपणे. फोनवर ताटकळणं, खोकं पुन्हा बांधणं, कुरिअरच्या माणसाची वाट बघत घरी बसणं यांना काहीतरी मोल आहे. पण स्वतःच्या तासाला अवाच्या सव्वा भाव लावून महागडी खरेदी मनाला पटवून देणं हीसुद्धा एक पळवाटच. आणि तारखेची गोष्ट निराळी. परवाच्या प्रवासासाठी बॅग हवी असेल तर उशिराची किंमत ही नवी बॅग ऐनवेळी जवळपास मिळेल त्या भावाने घेण्याइतकी धरा.

विकतंय कोण, आणि वॉरंटी कोणाची?

मोठ्या मार्केटप्लेसवर खरेदी केली की आपण 'त्या साइटवरून घेतलं' म्हणतो. पुष्कळदा विक्रेता तिसराच असतो. वस्तूच्या पानावर 'विक्रेता' किंवा 'सोल्ड बाय' पुढचं नाव वाचा, त्यावर क्लिक करा. पूर्ण कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क दिसतो का? भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती दाखवणं बंधनकारक आहे, इतर अनेक देशांतही तशाच अर्थाचे नियम आहेत. फक्त एक संपर्क फॉर्म आणि पत्त्याचा पत्ताच नाही, असं असेल तर १० टक्के स्वस्त असलं तरी तो भाव धोक्याचा धरा. उद्या हातावर तुरी दिल्यावर खेटे घालायलाही ठिकाण नको?

एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते असतात आणि 'आत्ता खरेदी करा' या बटणामागे त्यांपैकी एकच असतो. तो कोण हे दिवसभरातही बदलू शकतं. दुपारी तपासलेला विक्रेता रात्री ऑर्डर करताना तोच आहे ना, ते बघून मगच पैसे भरा.

वॉरंटी कोण देतो हा याला जोडूनच येणारा प्रश्न. उत्पादकाची वॉरंटी असेल तर विक्रेता स्वस्तातला असला तरी फारसं बिघडत नाही, कारण बिघाड झाला तर काम सर्व्हिस सेंटरशी पडणार. म्हणून उत्पादकाच्या स्वतःच्या साइटवर जाऊन अधिकृत विक्रेत्यांची यादी बघा. दुसऱ्या देशासाठी बनलेला माल आडमार्गाने आणून विकला जातो, त्याला 'ग्रे मार्केट' म्हणतात. तो अस्सल असतो, स्वस्तही असतो, पण इथलं सर्व्हिस सेंटर अनेकदा त्याला हात लावत नाही. 'सेलर वॉरंटी' लिहिलं असेल तर समजायचं की विक्रेता टिकेल तोवरच वॉरंटी.

मग प्रकार. 'ऑनसाइट' म्हणजे माणूस घरी येतो. 'कॅरी-इन' म्हणजे तुम्ही घेऊन जायचं. 'पिकअप' म्हणजे ते येऊन नेतात. अवजड वस्तूला कॅरी-इन वॉरंटी म्हणजे जवळपास नसल्यासारखीच. आपल्या भागात सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हे नकाशावर बघायला दोन मिनिटं लागतात.

एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे जादा पैसे भरून वाढवून घेतलेली वॉरंटी, याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ती एक विम्यासारखी गोष्ट आहे, आणि बिघाडाचा खर्च आपण पेलू शकत असू तर विमा कशाला काढायचा? जी वस्तू बंद पडली तर दुसरी घ्यायला जमणारच नाही, तिचा विचार वेगळा. त्याआधी कायद्याने काय मिळतं ते मात्र बघा. युरोपीय संघात नव्या मालातल्या दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर किमान दोन वर्षं असते, आणि तिथे 'दोन वर्षांची वॉरंटी' वेगळे पैसे घेऊन विकणारा तुमचीच गोष्ट तुम्हाला विकत असू शकतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली दाखवून दिलं की मालाची प्रत ग्राहकाला आधी दिसत नसेल, तर चांगला माल विकणाऱ्यालाही वाईट मालाचाच भाव मिळतो आणि हळूहळू तो बाजारातून बाहेर पडतो. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जुन्या गाड्यांच्या बाजारावरून त्यांनी हे मांडलं होतं, आणि त्यावरचा एक उपाय म्हणून हमीचंही नाव घेतलं होतं. वॉरंटीकडे बघण्याची ती नजर आजही उपयोगी पडते. विक्रेता स्वतःच्या खिशाला तोशीस पडेल अशी हमी देतोय का? देत असेल तर आपल्या मालावर त्याचा विश्वास आहे. नुसत्या 'शंभर टक्के समाधानाची खात्री'ने कोणाच्याच खिशाला तोशीस पडत नाही.

पैसे देण्याआधी सेवेची चव घ्या

सेवा कशी आहे हे कळण्याचा सोपा आणि फुकटचा मार्ग म्हणजे खरेदीआधी एक नेमका प्रश्न विचारणं. 'खुर्ची चांगली आहे का?' असा नको, त्याला 'हो' हेच उत्तर येणार. ज्याचं उत्तर द्यायला माणसाला उठून काहीतरी बघावं लागेल असा विचारा. उदाहरणार्थ: 'या खुर्चीचा गॅस सिलिंडर खराब झाला तर सुटा मिळतो का, किती दिवसांत, आणि वॉरंटीत तो धरलाय का?'

एक उत्तर असं येतं: 'प्रिय ग्राहक, आमच्याशी संपर्क केल्याबद्दल धन्यवाद. आमची सर्व उत्पादनं उच्च दर्जाची आहेत. अधिक माहितीसाठी वस्तूचं पान पाहावं.' दुसरं असं: 'सिलिंडर सुटा मिळतो. वॉरंटी तीन वर्षांची, त्यात सिलिंडर आहे पण चाकं नाहीत. आमच्याकडे शिल्लक असेल तर चार-पाच दिवस, नसेल तर तीन आठवडे.' दुसऱ्या उत्तरात दोन गोष्टी तुमच्या विरोधातल्या आहेत, चाकं वॉरंटीत नाहीत आणि तीन आठवडे लागू शकतात. नेमकं त्यामुळेच ते विश्वासाचं. विकायच्या आधी जो माणूस गैरसोयीचं खरं सांगतो, तो नंतर फोन उचलण्याची शक्यता जास्त.

प्रश्न चॅटऐवजी ईमेलवर विचारला तर उत्तम, कारण लेखी उत्तर हातात राहतं. चॅटवर विचारलात तर स्क्रीनशॉट ठेवा. फोन लावून बघायचा असेल तर विक्रीच्या नंबरावर लावू नका, तो लगेच उचलला जातो. तक्रारीचा पर्याय निवडा आणि माणूस किती वेळात बोलतो ते बघा.

रिव्ह्यू वाचायचे, पण वेगळ्या क्रमाने

सरासरी तारे बघून काही कळत नाही. वस्तूचे रिव्ह्यू आणि विक्रेत्याचे रिव्ह्यू वेगळे असतात, सेवेसाठी दुसरे हवेत. क्रम 'नवीन आधी' असा लावा, कारण सेवा बदलते. दोन वर्षांपूर्वी नाव कमावलेलं दुकान आज दुसऱ्याच्या हातात असू शकतं. पाच तारे बहुधा खोकं उघडल्या दिवशी दिलेले असतात. त्यांतून पॅकिंग कळतं, टिकाऊपणा नाही. 'सहा महिने', 'सर्व्हिस', 'रिफंड', 'बदलून' असे शब्द शोधपट्टीत टाका.

दोन आणि तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू सर्वांत कामाचे. एक तारा देणारा पुष्कळदा चिडलेला असतो, तीनवाला हिशेबी. तक्रारी होणारच, त्यांचं विक्रेत्याने काय केलं ते बघा. प्रत्येक तक्रारीखाली तोच छापील माफीनामा असेल तर अर्थ स्पष्ट आहे. 'तुमचा ऑर्डर नंबर कळवा' आणि त्याखाली ग्राहकाचं 'प्रश्न सुटला' असं उत्तर असेल तर त्या विक्रेत्याला एक गुण जास्त.

खोट्या रिव्ह्यूंवर आता नियम आहेत. भारतात २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आलं, अमेरिकेत २०२४ मध्ये बनावट रिव्ह्यूंना बंदी घालणारा नियम लागू झाला. तरी डोळे उघडे ठेवा. खुर्चीच्या पानावर मोबाइलच्या कव्हरबद्दलचे रिव्ह्यू दिसले तर जुन्या वस्तूचं पान नव्या वस्तूसाठी वापरलं गेलंय असं समजा आणि ते तारे सरळ सोडून द्या.

जास्त सेवा, कमी भाव: मागून बघा

इतकं केल्यावर पुष्कळदा मन १०८ वाल्याकडे झुकतं आणि खिसा १०० वाल्याकडे. मग १०८ वाल्यालाच विचारायचं. दोन ओळी पुरतात: 'हेच मॉडेल दुसरीकडे पोहोचेसह १०४ ला मिळतंय, सोबत लिंक देत आहे. तुमची परतीची सोय बरी वाटते म्हणून तुमच्याकडून घ्यायला आवडेल. भावात काही जमेल का?' मोठ्या साइटवर हे चालत नाही, पण मध्यम आणि छोट्या दुकानांत चालतं, विशेषतः त्यांच्या स्वतःच्या साइटवर, कारण तिथे त्यांना मार्केटप्लेसचं कमिशन द्यावं लागत नाही. भाव नाही तर जोडणी फुकट, नाही तर वॉरंटी सहा महिने वाढवून, काहीतरी निघतं.

आणि एक. तासभर एका विक्रेत्याला प्रश्न विचारून, माप समजून घेऊन, शेवटी दुसऱ्याकडून चार पैसे वाचवून घेणं कायद्याने गैर नाही. पण उत्तरं देणारा माणूस पगार घेतो आणि तो पगार त्या आठांतूनच निघतो. आपल्यासारखेच सगळे वागले तर पुढच्या वेळी उत्तर द्यायला तिथे कोणी नसेल.

पैसे कसे देता हीसुद्धा सेवाच

बँकेतून थेट पाठवलेले पैसे परत मिळवणं अवघड. क्रेडिट कार्डावर मात्र बँक मध्ये असते आणि माल आलाच नाही किंवा भलताच आला तर व्यवहारावर हरकत घेता येते. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्जविषयक कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) कलम ७५ नुसार ठरावीक रकमांच्या खरेदीत कार्ड देणारी संस्था विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. अमेरिकेत बिलातल्या चुकीवर ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. अनोळखी विक्रेता 'बँक ट्रान्सफर केलंत तर ५ टक्के सूट' म्हणत असेल तर ते ५ टक्के म्हणजे तुम्ही सोडून दिलेल्या संरक्षणाची किंमत. वरचा भागाकार इथेही करा. इथे गडबड झाली तर बुडणारी रक्कम अख्खी किंमत आहे.

माल आल्यावर पहिला तास

खोकं उघडण्याआधी लेबलपासून सुरू होणारा एक सलग व्हिडिओ काढा. मध्ये थांबवू नका, तुकडे जोडलेले व्हिडिओ मानले जात नाहीत. खोकं बाहेरून चेपलेलं असेल तर सही करताना तसं लिहा. वस्तू लगेच वापरून बघा, पुढच्या रविवारपर्यंत कोपऱ्यात ठेवू नका, कारण परतीची घड्याळ सुरू झालेली असते. मुदत संपेपर्यंत खोकं, थर्माकोल, टॅग काहीही टाकू नका. बिलाचा फोटो काढून ठेवा. वॉरंटीसाठी नोंदणी लागत असेल तर त्याच दिवशी करा.

बिघाड निघाला तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा आणि त्यात चार गोष्टी असू द्या: ऑर्डर नंबर, काय बिघडलंय, तुम्हाला काय हवंय (पैसे, बदली की दुरुस्ती) आणि कोणत्या तारखेपर्यंत. 'लवकरात लवकर काहीतरी करा' या वाक्याला उत्तर येत नाही, 'पुढच्या शुक्रवारपर्यंत पूर्ण परतावा' याला येतं. विक्रेता दाद देत नसेल तर मार्केटप्लेस, मग कार्ड देणारी बँक, मग ग्राहक हक्कांचं सरकारी कार्यालय, या क्रमाने जा. भारतातल्या नियमांनुसार ई-कॉमर्स संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.

परतावा मंजूर झाला असा मेल आला तरी फाइल बंद करू नका. किती रक्कम, कोणत्या खात्यात, पोहोचेचे पैसे धरून की सोडून, हे तपासा. विचारल्याशिवाय 'वॉलेट'मध्ये टाकले असतील तर मूळ खात्यात मागा. आणि मगच खोकं टाकून द्या.